नोव्हेंबरात काढलेला फिल्टर

शिरूर,
सोमवार, ९ डिसेंबर २०२४

दादांना शिरूरहून गिताचा नमस्कार, वहिनींनाही. कागदाच्या कोपऱ्यात नेहमीसारखं खंडोबाच्या भंडाऱ्याचं बोट टेकवलं आहे, ते पुसू नका.

हातात मोबाइल असताना हिला कागद कशाला लागतो, असं म्हणाल. पण फोनवर मी दोन वाक्यं बोलले की तुम्ही “ठेव, गिऱ्हाईक आलंय” म्हणता. कागदाला मधे तोडता येत नाही, म्हणून लिहिते. उत्तरही कागदावरच द्या.

गाडीविषयी आहे. रोज पहाटे आमची धनश्री चावी फिरवते तेव्हा इंजिनातून तीन-चार सेकंद खडखड आवाज येतो, डब्यात खडे घालून हलवावे तसा. मग थांबतो. दिवाळीनंतर हे सुरू झालं आणि आता वाढलं आहे. सणसवाडीच्या कंपनीतल्या सात बाया रोज पहिल्या शिफ्टला या गाडीत बसतात. कंपनीचं ट्रान्सपोर्ट बघणारे आनंदराव परवा घरी येऊन सांगून गेले, “ताई, पोरगी टायमाला पक्की हाय, तक्रार न्हाई. पण गाडी वाजती. शिक्रापूरच्या चौकात ट्रकांच्या मधी बंद पडली तर शिव्या मला बसत्यात. सव्वीस जानेवारीपतुर नीट करा, न्हाईतर ही लाइन मी दुसऱ्याला देतो.”

तुम्हाला माहीत आहे, शेवटची चाळीस मेंढरं विकून आम्ही गुढीपाडव्याला ही जुनी व्हॅन घेतली. मेंढरामागं फिरायचं तुमच्या दाजींच्या पायांना जमेना आणि धनश्रीनं लायसन आधीच काढून ठेवलं होतं. आता घरात दुसरं काही नाही. ही गाडी आहे आणि ती चालवणारी पोरगी आहे.

दहा नोव्हेंबरला तुमच्याच गॅरेजात ऑइल आणि फिल्टर बदलला. तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, “पोरगी गाडी रेसवती, इंजिन खाल्लंय तिनं.” ती मुकाट गाडीत जाऊन बसली. मी आज बोलते. माझ्या वहीच्या मागच्या पानावर रोजचे किलोमीटर आणि डिझेल लिहिलेलं आहे. जी गाडी रेसवते तिला एवढ्या कमी डिझेलात भागत नाही.

म्हणून सरळ विचारते. तुम्ही कुठला फिल्टर बसवलात? कंपनीचा की बाजारातला? खोका असेल तर पाठवा.

माझ्याकडून कसूर नाही. परवा चंपाषष्ठीला धनश्री अंघोळीला गेल्यावर मी बॉनेट उघडून इंजिनाच्या तोंडात भंडाऱ्याची चिमूट घातली आहे, दसऱ्यालाही घातली होती, आई पेरणीला पाभरीच्या चाड्यात घालायची तशी. हे धनश्रीला सांगू नका, ती ओरडते. देव त्याचं काम करील. पण फिल्टर देवानं बसवलेला नाही, तुम्ही बसवलात.

तुमची
गिता

•

दौंड,
१४ डिसेंबर

गितास आशीर्वाद.

पत्र मिळालं. गॅरेजात पोरांसमोर वाचलं नाही, घरी वाचलं.

फिल्टर चांगलाच बसवला आहे. तीस वर्षं रेल्वेच्या मोरीजवळ गॅरेज चालवतो, मला खोका दाखव म्हणणारी तू पहिलीच. फिल्टर म्हंजी फिल्टर, त्यात बघायचं काय? पोरीचा पाय जड आहे. बाईमाणसाला थंड इंजिन गरम होईपर्यंत धीर नसतो. इंजिनातलं बेअरिंग आता जायला लागलं आहे. जवा इंजिन जाम होईल तवा गाडी भंगारात निघेल.

माझं ऐक. इथं एक गिऱ्हाईक आहे, आहे तशी गाडी घ्यायला तयार आहे. आत्ता दिली तर घातलेलं बरंचसं निघेल.

दुसरं म्हणजे कुरकुंभचे रखमाजी धनश्रीसाठी दोनदा विचारून गेले. मुलगा केमिकल कंपनीत परमनंट आहे, माणसं आपल्यातलीच, देवधर्म करणारी. त्यांचं एवढंच म्हणणं आहे की मुलगी पहाटे अंधारात गाडी घेऊन हायवेला जाते, ते लग्नाआधी थांबावं. यात वाईट काय आहे? गाडी निघाली की हाही प्रश्न सुटतो.

तू भजनाला जात जा. इंजिनाचं मला बघू दे.

जयसिंग

•

शिरूर,
२२ डिसेंबर

दादांना नमस्कार. बोट टेकवलं आहे.

तुमच्या पत्रात खोक्याचं उत्तर नाही. मी दोनदा वाचलं, धनश्रीच्या वडिलांनी एकदा वाचलं. ते म्हणाले, “भावाला पत्र लिहितीस का वकिलाची नोटीस?” मी म्हटलं, नोटिशीला तरी उत्तर येतं.

फिल्टरमध्ये बघायचं काय, असं तुम्ही विचारलंत. मी बघितलं, ते सांगते.

बाजार समितीच्या मागं तीन गॅरेजं आहेत. तिथं जुने फिल्टर पिंपात टाकलेले असतात. मी भाजीची पिशवी घेऊन गेले आणि सात मागून आणले. एक मेकॅनिक म्हणाला, “मावशी, ह्याचं कालवण करता का?” मी म्हटलं, “तुला वाढीन, ये.” घरी अंगणात पोतं अंथरलं आणि लोखंड कापायच्या करवतीनं एकेक डबा कापला. हात दोन दिवस काळे होते. भजनाला तशीच गेले.

करुणा माझ्याबरोबर होती. ती आमच्या गल्लीतल्या पोपटरावांची सून, धनश्रीच्याच गाडीनं जाते, कंपनीत माल तपासायच्या टेबलावर असते. तिची नजर बारीक आहे. आम्ही दोघींनी बघितलं ते असं. आत कागद असतो, साडीच्या निऱ्या घालाव्या तसा घड्या घालून गोल बसवलेला. तेल बाहेरून आत येताना त्या कागदात कचरा अडतो. हलक्या फिल्टरमध्ये अडतीस निऱ्या निघाल्या, चांगल्यात साठ. हलक्याच्या निऱ्या एका बाजूला गोळा झालेल्या, मधे फट. फट म्हणजे चाळणीला भोक, कितीही चाळा.

तोंडाशी आतून एक रबर असतं, कुकरच्या रिंगेसारखं. गाडी बंद असताना तेल खाली उतरू नये म्हणून ते धरून ठेवतं. चांगल्यातलं मऊ होतं, दाबलं तर परत वर येणारं. हलक्यातलं पापडासारखं मोडलं. ते कडक झालं की रात्रीतून तेल उतरून जातं आणि सकाळी इंजिन कोरडंच फिरतं. कोरडं फिरलं की वाजतं. आणखी एक स्प्रिंग असते, तीही कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हसारखी. कागद पार तुंबला तर ती उघडते आणि तेल न गाळताच पुढं सोडते. इंजिन उपाशी राहू नये म्हणून.

वीस वर्षं मी कुकरच्या रिंगा बदलते आहे, दादा. मला यातलं कळत नाही असं पुन्हा लिहू नका.

मग दुकानात गेले. त्यानं आधी सगळ्यात स्वस्त पुढं केला. मी नको म्हटल्यावर सगळ्यात महाग काढला, रंगीत खोक्यातला. करुणानं गाडीच्या पुस्तकातला नंबर वाचला तर त्याचे आटे वेगळ्या गाडीचे. दुकानदार म्हणतो, “बसतो की.” मी म्हटलं, “पायात दुसऱ्याची चप्पलही बसते.” शेवटी पुस्तकात लिहिलेल्या नंबराचाच घेतला. भोकातून रबर दाबून बघितलं, सील बघितलं, पक्कं बिल घेतलं. किंमत मधली. मी काटकसर करते म्हणून सगळे मला चिडवतात, पण स्वस्त आणि काटकसर यातला फरक मला कळतो.

आता माझा संशय ऐका. तुम्ही आम्हाला तसला अडतीस निऱ्यांचा फिल्टर बसवलात. सख्ख्या बहिणीला. तसं नसेल तर नोव्हेंबरात काढलेला जुना फिल्टर ठेवला असेल तो पाठवा, आवाज कशाचा ते मी कापून बघते.

कुरकुंभच्या पाहुण्यांना सांगा, आमची मुलगी अंधारात जाते कारण कंपनीची शिफ्ट अंधारात भरते. ज्या सात बाया गाडीत बसतात त्याही कुणाच्या लेकीसुनाच आहेत. गाडी विकायची नाही.

गिता

•

दौंड,
२७ डिसेंबर

गिता,

तू भावाला चोर म्हणालीस. आई असती तर तुझ्या थोबाडीत दिली असती.

जुना फिल्टर भंगारात गेला. गॅरेजात कुणी जुने फिल्टर सांभाळून ठेवतं काय?

जो बसवला तो कंपनीचा आहे, पुस्तकातल्या नंबराचा. विश्वास ठेव नाहीतर ठेवू नकोस. एवढं शहाणपण आलं असेल तर यापुढं तुझी तूच बसव, माझ्या दारात गाडी आणू नकोस.

मात्र आत्ताचा फिल्टर कापायच्या नादाला लागू नकोस. त्यात तुला काही मिळायचं नाही. काढ आणि फेकून दे.

जयसिंग

•

शिरूर,
२ जानेवारी २०२५

दादांना नमस्कार.

काल सकाळी फिल्टर काढला. धनश्रीनं पट्टीच्या पान्यानं काढला, मी खाली परात धरली. तेल तिनं आधीच सोडलं होतं. नवा बसवताना रबराला बोटानं चांगलं तेल लावलं आणि हातानंच आवळला, रबर टेकल्यावर पाऊण फेरा. पान्यानं आवळायचा नसतो, पुस्तकात तसं लिहिलं आहे.

मग तुमच्या सांगण्याबाहेर जाऊन जुना कापला.

आधी कबूल करायचं ते करते. फिल्टर कंपनीचा होता. निऱ्या साठ भरल्या, रबर लोण्यासारखं मऊ. स्प्रिंग नीट. माझा संशय खोटा होता. तुम्हाला चोर म्हणाले ते मी परत घेते, सबंध घेते.

पण कागदाच्या निऱ्या एकमेकींना चिकटल्या होत्या. करुणा म्हणाली, “काकू, हे पिवळं काय? आपण सात कापलं, सातीत काळंच निघालं.” मी नखानं ओढलं. मऊ, मातकट पिवळं, निऱ्यांच्या तळाशी साय धरल्यासारखं. वास जळक्या तेलाचाच होता. मला वासाची गरज पडली नाही. चाळीस वर्षं माझ्या नखाखाली तो रंग आहे.

पाडव्याला गाडी दारात आली तेव्हा मी धनश्रीला तेलाचं झाकण उघडायला लावलं होतं. ती म्हणाली होती, “आई, तिथं नको, आत तेल हाय.” मी म्हटलं होतं, “तेलाशिवाय देवापुढं दिवा तरी लागतो का?” त्यानंतर तिनं झाकण उघडून दिलं नाही, म्हणून मी तिच्या चोरून घातला. श्रावणात, दसऱ्याला, चंपाषष्ठीला. दसऱ्याला चिमूट नव्हती, दादा. मूठ होती. शस्त्रपूजेचा दिवस, हात आखडता घ्यावासा वाटला नाही.

म्हणजे इंजिनाचा आवाज माझ्या हातचा. आणि बोल दोन महिने पोरीनं ऐकले, तुमच्याकडून, गल्लीतून. मी तिला तिथंच, करुणासमोर सांगितलं, “ही माझी चूक आहे, तुझ्या पायाची नाही.” ती परात उचलून आत गेली. पाच मिनिटांनी बाहेर आली आणि म्हणाली, “आई, पुढच्या दसऱ्याला झाकणाला कुलूप लावनार मी.” तिचे वडील म्हणाले, “ती कुलपाच्या भोकात घालंल.” तेव्हा कुठं ती हसली.

माझं झालं. आता तुमचं.

नोव्हेंबरात तुम्ही स्वतः तेल सोडलंत. दसऱ्याला जेमतेम महिना झाला होता. तेलात पिवळं दिसलं नसेल असं मी मानत नाही. आपण दोघं एका घरात वाढलो. आई प्रत्येक नव्या वस्तूच्या तोंडात भंडारा घालायची, पाभरीच्या चाड्यात, धान्याच्या कणगीत, पिठाच्या डब्यात. दौंडातल्या दुसऱ्या कुठल्या मेकॅनिकला कळलं नसतं, तुम्हाला बघताक्षणी कळलं असणार. तेवढ्यावर थांबत नाही. नऊ डिसेंबरच्या पत्रात मी माझ्या हातानं लिहिलं होतं, परवा पुन्हा चिमूट घातली म्हणून. त्या पत्राला तुम्ही उत्तर दिलंत. पोरीच्या पायाविषयी लिहिलंत, रखमाजींविषयी लिहिलंत, भजनाविषयी लिहिलंत. चिमटीविषयी एक अक्षर नाही. मग लिहिलंत, फिल्टर कापू नकोस.

तुम्हाला माहीत होतं. मला नोव्हेंबरातच एक फोन केला असतात, “गिते, तेलात भंडारा घालू नको,” एवढंच म्हणाला असतात, तर चंपाषष्ठीची चिमूट तरी वाचली असती.

मी देवाच्या नावानं चूक केली. तुम्ही कशाच्या नावानं केलीत ते लिहा. कागदावर लिहा.

आणि हे ऐकून ठेवा. नवा फिल्टर घालूनही आवाज अर्धाच कमी झाला आहे. सव्वीस जानेवारीला अजून चोवीस दिवस आहेत. इंजिन आम्ही वाचवणार. तुम्ही सांगितलंत तरी वाचवणार आणि नाही सांगितलंत तरी.

गिता

•

दौंड,
१० जानेवारी

गितास,

पाच दिवस कागद पुढं घेऊन बसतो आणि उठतो. तुझी वहिनी म्हणाली, खरं लिहा नाहीतर लिहूच नका. म्हणून खरं लिहितो.

व्हय, नोव्हेंबरात दिसलं. तेल काढलं तवा परातीच्या काठाला पिवळी रेघ राहिली. मी जुना फिल्टर कापून बघितला. बघितल्या बघितल्या आई आठवली. कणगीत भंडारा टाकताना ती पदर कसा धरायची ते आठवलं. पोरं आजूबाजूला होती म्हणून मी तोंड फिरवलं.

तवाच सांगायला पाहिजे होतं. पण त्याआधी दिवाळीत मी रखमाजींना शब्द देऊन बसलो होतो की मुलगी गाडी सोडेल, ते माझ्यावर सोडा. तुला विचारलं नव्हतं. धनश्रीला तर नाहीच. मग गाडीच वाजायला लागली. मला वाटलं, आपोआप होतंय तर होऊ दे. गाडी आपल्या मरणानं जाईल आणि माझा शब्द राहील. पोरीच्या पायावर ढकललं की कुणी पुढं विचारत नाही, म्हणून ढकललं. तुझं नऊ तारखेचं पत्र वाचलं तवा हात थांबला होता. तरी लिहिलं नाही.

यात देव नव्हता. फक्त मी होतो.

नोव्हेंबरातला फिल्टर भंगारात गेला असं लिहिलं ते खोटं होतं. भंगारवाला दोनदा येऊन गेला, पिंप रिकामं करून गेला, तो एक डबा मी त्याला दिला नाही. भंडारा लागलेली वस्तू भंगारात घालायला हात होईना. गॅरेजात खंडोबाच्या तसबिरीखाली फळीवर ठेवला होता. येताजाता दिसायचा. आज एसटीच्या पार्सलनं तुझ्याकडं पाठवतो आहे. तुझा माल तुझ्याकडं.

आता कामाचं. नुसत्या फिल्टरनं भागायचं नाही. इंजिनाच्या खाली तेलाचं चेंबर असतं, त्यात तेल ओढायच्या नळीला जाळी असते. खाली बसलेला भंडारा त्या जाळीला चिकटला असणार. चेंबर खोलून जाळी धुवायला लागेल. मग साधं तेल घालून तीनशे किलोमीटर चालवायचं, परत तेल-फिल्टर बदलायचं. बेअरिंग गेलेलं नाही. ते मी उगाच लिहिलं होतं.

गाडी दौंडला आण. एका दिवसात करून देतो. पैसे घेणार नाही.

जयसिंग

•

शिरूर,
१५ जानेवारी

दादांना नमस्कार.

पार्सल मिळालं. फिल्टर देवघराच्या खालच्या फळीवर ठेवला आहे. तिळगूळ सोबत पाठवते. गोड बोला असं म्हणत नाही, खरं बोललात तेवढं पुरे.

गाडी दौंडला येणार नाही. तुमच्या दारात आणू नकोस असं तुम्हीच लिहिलंत आणि मी ते ऐकलं. आता तुम्ही इथं या. एकोणिसला रविवार आहे, सुट्टी आहे, खंडोबाचा वार आहे. माझ्या अटी लिहिते.

चेंबर धनश्री खोलेल. तुम्ही बाजूला खुर्चीवर बसून सांगायचं. हात लावायचा नाही. नोव्हेंबरात बोललात ते चार माणसांत बोललात, तेव्हा हेही चार माणसांत होऊ दे. करुणा येणार आहे, गाडीतल्या बाकीच्या बाया येणार आहेत, आनंदरावांनाही चहाला बोलावलं आहे.

पैसे घेणार नाही, हे मी मानणार नाही. मजुरी ठरलेली घ्या. फुकट केलेल्या कामाला पुढं बोलता येत नाही, हे मला या दोन महिन्यांत कळलं.

रखमाजींना तुमचा शब्द तुम्हीच परत करा. मुलाला धनश्री बघायची असेल तर पहाटे साडेपाचला एसटी डेपोच्या कोपऱ्यावर उभं राहावं. गाडी तिथून जाते. बसायला जागा नसते.

येताना चेंबरचं पॅकिंग आणा. इथं मिळतं ते मला पसंत नाही.

गिता

•

शिरूर,
२८ जानेवारी

दादांना, वहिनींना नमस्कार.

तुम्ही खुर्चीवर बसलात, पण तीन वेळा उठलात. मी मोजलं. तिन्ही वेळा धनश्रीनं “मामा, बसा” म्हटल्यावर बसलात, म्हणून सोडून देते. जाळी बाहेर आली तेव्हा तुमचा चेहरा मी बघितला. त्या पिवळ्या थराकडं बघताना तुम्हालाही आईच आठवली असणार. आनंदरावांसमोर तुम्ही स्वतः म्हणालात, “पोरीचा पाय हलका हाय. माझी जीभ जड झाली होती.” हे मी तुमच्याकडून मागितलं नव्हतं. ते मनापासून आलं, म्हणून इथं लिहून ठेवते.

पुढचं तुम्हाला माहीत नाही, ते सांगते.

शनिवारी तीनशे किलोमीटर झाले. तेल आणि फिल्टर पुन्हा बदलला. फिल्टर त्याच दुकानातून त्याच नंबराचा. या वेळी दुकानदारानं न विचारता रबर दाबून दाखवलं. जुना कापला तर निऱ्या काळ्या निघाल्या. फक्त काळ्या. करुणा भिंगातून बघत होती. म्हणाली, “काकू, पास.”

सोमवारी पहाटे मी मुद्दाम उठून गाडीजवळ उभी राहिले. धनश्रीनं चावी फिरवली. मी कान लावून ऐकलं. दादा, काही वाजलं नाही. आपलं इंजिन जसं चालायला पाहिजे तसं चालू झालं. तिनं काच खाली केली आणि म्हणाली, “ऐकलं का?” मी म्हटलं, “काय ऐकू, आवाजच न्हाई.” म्हणाली, “त्येच ऐक म्हंते.” आणि गेली.

आनंदरावांनी लाइन आमच्याकडंच ठेवली आहे. वर शिक्रापूरहून दुसऱ्या शिफ्टचीही लाइन घेता का, असं विचारतात. धनश्री म्हणते, आधी या इंजिनाला वर्ष काढू दे. मला पटलं.

कुरकुंभचा मुलगा गुरुवारी डेपोच्या कोपऱ्यावर खरंच उभा होता. एकटाच आला होता, मोटारसायकलवर. सात बायांनी त्याला सात खिडक्यांतून बघून घेतलं. धनश्रीनं गाडी थांबवली नाही, शिफ्टची वेळ होती. संध्याकाळी त्याचा तिला फोन आला, मोटारसायकल सकाळी खडखड करते, काय असेल म्हणून. तिनं त्याला ऑइल कधी बदललं ते विचारलं. पुढं काय बोलले ते मी ऐकलं नाही, आणि तुम्हीही विचारू नका. रखमाजींना तर नाहीच.

आता तुमच्या पार्सलचं. नोव्हेंबरातला फिल्टर मलाही भंगारात देववला नाही. आतला कागद काढून तुळशीपासून लांब, आवाराच्या कोपऱ्यात पुरला. डबा राखेनं सात वेळा घासला, मग साबणानं. कापलेल्या कडा धनश्रीच्या वडिलांनी कानशीनं घासून बोथट केल्या आणि तुपाच्या डब्याचं झाकण त्यावर ठोकून बसवलं. घट्ट बसतं. त्यात भंडारा भरून तो डबा धनश्रीनं गाडीच्या पुढच्या काचेखाली ठेवला आहे. बाया चढताना बोट लावतात आणि झाकण लावतात. करुणा भंडारा लावत नाही, ती रोज चढायच्या आधी पट्टी ओढून इंजिनातलं तेल बघते. दोन्ही झाल्याशिवाय धनश्री गाडी हलवत नाही.

बॉनेटवर भंडारा मी टाकणारच. पुढच्या दसऱ्याला मूठभर टाकणार. तेलाचं झाकण लावलेलं आहे हे धनश्री आधी बघणार, मग मी टाकणार, असं आमचं ठरलं आहे.

तुमच्या मागच्या पत्राच्या कोपऱ्यात बोट टेकवलेलं नव्हतं. मजुरीचं बिल अजून आलेलं नाही. ते पाठवाल तेव्हा टेकवून पाठवा.

तुमची बहीण
गिता